सातशे रुपयांचा रेडिओ

(सामुदायिक रेडिओवरच्या दुपारच्या महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

जेवणखाण आवरून तुम्ही आता कुठे टेकला असाल. कुणाच्या हातात सूप असेल, कुणाच्या हातात गोधडीचा टाका. हातातलं काम चालू राहू दे, नुसते कान इकडे द्या.

आज मी रेडिओबद्दलच बोलणार आहे. ज्यातून आत्ता माझा आवाज तुमच्यापर्यंत येतोय तो लहानसा रेडिओ किंवा मोबाइल नव्हे. माळ्यावर, कपाटावर, नाहीतर माजघराच्या कोपऱ्यात जुन्या साडीखाली झाकून ठेवलेला मोठा रेडिओ. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात असे सेट बऱ्याच घरांत आहेत. कुणाचे सासरे बोटीवर होते, कुणाचे दीर आखातात होते, कुणाचे वडील मुंबईत नोकरीला होते. त्यांनी हौसेनं आणलेली वस्तू. आणणारा माणूस गेला आणि वस्तू तेवढी राहिली. मग एक दिवस दारात भंगाराचा टेम्पो येतो.

माझं माहेर रेडिओ दुरुस्तीचं. एसटी स्टँडजवळ बाबांचं छोटं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथेच बसायची. कुठल्या सेटमधून खरखर येते, कुठल्यातून घूं घूं येतं, हे मला पाढ्यांच्या आधी कळायला लागलं. डाग द्यायलाही तिथेच शिकले. लग्नानंतर इथे आले, आता मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करते. तेव्हा आजचं बोलणं पुस्तकातलं नाही, हाताखालून गेलेलं आहे.

झालं असं. आमच्या गटात एक मावशी आहेत. वय अडुसष्ट. त्यांचे यजमान बोटीवर होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या गणपतीच्या आधी मुंबईहून मुलगा आला आणि घराची साफसफाई काढली. रंग द्यायचा होता, शिवाय मागच्या पडवीची कौलं बदलायची होती. तेवढ्यात वाडीत भंगाराचा टेम्पो आला. मुलगा म्हणाला, “आई, हा बाबांचा डबा काढून टाकूया. पंधरा वर्षांत कुणी लावला नाही.” भंगारवाल्यानं सेट उचलून पाहिला, दोन्ही स्पीकर पाहिले, म्हणाला, “सगळ्याचे सातशे देतो.”

मावशी काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी मला फोन केला. “अगो, तू रेडिओवाल्याची मुलगी ना? जरा येऊन जा.”

मी गेले. साडी बाजूला केली आणि पाहतच राहिले. पुढून चंदेरी धातूची पट्टी, त्यावर जड गोल बटणं, वर लांब काचेची आकड्यांची पट्टी, आणि बाजूनं लाकडी पेटी. नाव सान्सुई, नंबर ६०६०. मुलगा म्हणाला, “सान्सुई म्हणजे ते टीव्हीवालेच ना?” नाव तेच. या नावाचे टीव्ही आपल्याकडे पुष्कळ पुढे आले. मूळची सान्सुई ही १९४७ साली तोक्योत सुरू झालेली कंपनी. आधी ट्रान्सफॉर्मर बनवायची, मग आवाजाची यंत्रं. जपानी भाषेत सान म्हणजे डोंगर आणि सुई म्हणजे पाणी. मावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “म्हणजे आपलं कोकणच की.”

आता हा सेट म्हणजे नेमकं काय, ते सांगते. याला रिसीव्हर म्हणतात. रेडिओ पकडणारा भाग आणि आवाज मोठा करणारा भाग, ज्याला आपण ॲम्प्लिफायर म्हणतो, हे दोन्ही एकाच पेटीत असतात. स्पीकर मात्र वेगळे, उजवा आणि डावा. मागच्या बाजूला तबकडीचा प्लेअर आणि टेप जोडायला भोकं असतात.

त्याच्यावर हाय-फाय लिहिलेलं असतं. हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी. सरळ मराठीत सांगायचं तर मूळ आवाजाशी इमान राखणारा. गाणारी बाई जशी गायली तशी ऐकू यावी, डब्यात तोंड घालून गायल्यासारखी नाही. आणि स्टिरिओ म्हणजे दोन बाजूंचा आवाज. भजनाला बसलं की पेटी एका कानाला येते, मृदंग दुसऱ्या कानाला. तसंच दोन स्पीकरमधून वेगवेगळं ऐकू येतं आणि मधोमध गाणारा बसला आहे असं वाटतं. रेडिओवरून असा दोन बाजूंचा आवाज पाठवायला अमेरिकेत १९६१ साली परवानगी मिळाली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत जपानी कंपन्यांनी असे सेट भरपूर बनवले. सान्सुई, पायोनियर, केनवूड, यामाहा, अकाई ही त्यातली नावं. बंदरांच्या बाजारात ते मिळत आणि बोटीवरची माणसं पगार साठवून घेत.

हे जुने सेट लोक आज शोधत का येतात? आत तांब्याच्या तारेचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. पुढची पट्टी धातूची, पेटी लाकडाची किंवा लाकडासारख्या पापुद्र्याची. आणि मुख्य म्हणजे आतले भाग सुटे सुटे असतात. एक भाग गेला तर तेवढाच काढून दुसरा घालता येतो, अख्खी पाटी फेकावी लागत नाही. म्हणून पंचेचाळीस वर्षांनीही तो जिवंत होऊ शकतो. भंगारवाला त्यात लोखंड आणि तांब्याचं वजन पाहतो. वाजवणारा माणूस त्यात आवाज पाहतो. वस्तू एकच, पण किंमत दोघांची वेगळी.

मावशींनी मग पत्र्याची ट्रंक उघडली. त्यात दुबईच्या दुकानाची पावती होती, १९७९ सालची. मुंबई बंदरात भरलेल्या कस्टमची पावती होती. सेटबरोबर आलेलं पुस्तक होतं. आणि रेडिओच्या लायसनचं पुस्तक होतं, पोस्टाची तिकिटं आणि शिक्के असलेलं. मैत्रिणींनो, तुमच्यातल्या वयानं मोठ्या असलेल्यांना आठवत असेल, त्या काळी रेडिओ ठेवायला लायसन लागायचं आणि दरवर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागायची. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. मुलगा ते सगळे कागद रद्दीत टाकणार होता. मी म्हटलं, थांब. वस्तू कुणाची, कुठली, किती सालची, हे सांगणारा कागद असला की किंमत वाढते. चोरीचा माल नाही एवढा भरवसा तरी घेणाऱ्याला मिळतो.

मी विचारलं, “मावशी, शेवटचा कधी लावला होता?” त्या म्हणाल्या, “ते लावायचे. मी कधी नाही. ह्यांनी मला बटणाला हात लावू दिला नाही कधी. बिघडेल म्हणायचे. मी धूळ पुसायची.”

चाळीस वर्षं रोज धूळ पुसली, पण बटण कधी फिरवलं नाही. आपल्या कितीतरी घरांत असंच आहे. वस्तू सांभाळायची बाईनं, लावायची पुरुषानं, आणि विकायची मुलानं.

लगेच लावून बघू म्हणून मुलानं प्लग हातात घेतला. मी त्याला अडवलं. मैत्रिणींनो, आता जे सांगते ते नीट ऐका, कारण इथेच जुने सेट जळतात.

पहिलं, वर्षानुवर्षं बंद असलेला सेट एकदम विजेला जोडायचा नाही. आतले कंडेन्सर वाळलेले असतात. एकदम पूर्ण वीज मिळाली की ते फुगतात, कधी धूर येतो, कधी ट्रान्सफॉर्मरच जातो. मग हजारोंची वस्तू दोन सेकंदांत खरोखरच भंगार होते.

दुसरं, मागच्या बाजूला व्होल्टेज किती लिहिलंय ते पाहायचं. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. अमेरिकेतली १२०, जपानमधली १००. जपानच्या स्थानिक बाजारातला सेट आपल्या बोर्डात लावला तर तो गेलाच म्हणून समजा. परदेशी विक्रीसाठी बनवलेल्या पुष्कळ सेटना मागे व्होल्टेज बदलायची सोय असते, पण ती कुठल्या आकड्यावर आहे ते बघावं लागतं. अजून एक खूण आहे. एफएमची पट्टी ८८ पासून १०८ पर्यंत असेल तर ती आपल्याकडे चालते. ७६ पासून ९० पर्यंतच असेल तर सेट खास जपानसाठी बनवलेला आहे. त्यावर आपलं ९०.४ चं केंद्र लागणार नाही, आणि वीजही वेगळी लागेल. मावशींचा सेट दुबईतला, मागे आकडा २४० वर लावलेला होता. त्यामुळे ती काळजी मिटली.

तिसरं, झाकण आपण उघडायचं नाही. प्लग काढलेला असला तरी आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहिलेली असू शकते. ते काम जाणकाराचं.

चौथं, साफसफाई. कोरडं मऊ फडकं आणि रंगाचा नवा मऊ ब्रश, बस. ओला फडका नको, काच पुसायचं औषध नको, रॉकेल तर नकोच. पट्टीवरचे आकडे नुसते छापलेले असतात. जोरात पुसले की आकडे फडक्यावर येतात आणि सेटची किंमत जाते. मागच्या फटींत पाल, मुंग्या, गांधिलमाशीचं घर असं काहीही असतं. ते ब्रशनं झाडायचं.

मी घरून सिरीज बोर्ड आणला. त्यात शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब असतो आणि वीज त्या बल्बातून सेटला जाते. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो. सेट वाचतो, आपण बटण बंद करायचं. सगळं ठीक असलं तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे हा बोर्ड असतो. “आधी सिरीजवर लावा” एवढं तुम्ही म्हटलंत तरी समोरच्याला कळेल की ही बाई जाणती आहे.

आवाजाचं बटण शून्यावर ठेवलं आणि जोडायला माझ्याकडचे साधे स्पीकर घेतले. सेटमध्ये बिघाड असला तर चांगले स्पीकर जळायला नकोत. मावशींना म्हटलं, “तुम्ही लावा.” त्या मागे सरल्या. मी पुन्हा म्हटलं, “मी इथेच आहे. लावा.”

त्यांनी बटण दाबलं. बल्ब उजळला आणि मंद झाला. काचेमागे पिवळा उजेड आला, अर्ध्याच पट्टीत, कारण एक दिवा गेलेला होता. आवाज वाढवला तर एकाच बाजूनं खरखर येत होती, डावी बाजू मुकी. पण सेट जिवंत होता.

आता पट्टीची गोष्ट ऐका. हा सेट १९७९ साली घरी आला तेव्हा त्यावर मीडियम वेव्हचं आकाशवाणी रत्नागिरी लागायचं. ते केंद्र १९७७ साली सुरू झालं होतं. मुंबई केंद्र रात्री स्वच्छ लागायचं. एफएमची पट्टी मात्र अगदी गप्प. भारतात एफएमची सुरुवातच १९७७ साली मद्रासमध्ये झाली, आमच्या वाडीत तेव्हा एफएमचं एकही केंद्र लागत नव्हतं. म्हणजे काकांनी ज्या दोन बाजूंच्या आवाजासाठी एवढे पैसे मोजले, तो रेडिओवरून त्यांना कधी ऐकायलाच मिळाला नाही. ते टेप जोडून गाणी ऐकायचे.

मी मागच्या स्क्रूना एक तार जोडली. एफएमसाठी साधा एरियल घरीच होतो. दोन वायर घ्यायच्या, प्रत्येकी पाऊण मीटरची. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा भिंतीवर आडव्या पसरायच्या. सगळी मिळून साधारण दीड मीटर. मधली दोन टोकं सेटला जोडायची. विजांचे दिवस असतील आणि एरियल घराबाहेर असेल तर आभाळ भरून आलं की तो काढून ठेवायचा.

मावशींनी मोठं बटण फिरवलं. काटा सरकला. नव्वदच्या जरा पुढे गेला आणि आवाज आला. आपलंच केंद्र होतं. भातावरच्या करप्याची माहिती चालू होती. मावशी म्हणाल्या, “ही तर आपली वरच्या वाडीतली सून बोलतेय!” त्या करप्याचं बोलणं संपेपर्यंत उभ्याच राहिल्या. बटणावरचा हात काढला नाही.

सामुदायिक रेडिओला साधारणपणे १०० वॅटपर्यंत ताकदीची परवानगी असते. दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आपला आवाज फारसा जात नाही. २००६ साली सरकारनं संस्थांना अशी केंद्रं चालवायची मुभा दिली, तेव्हापासून गावोगावच्या बायका माइकसमोर बसायला लागल्या. काकांनी तो सेट आणला तेव्हा त्याच्या त्या मुक्या पट्टीवर कधी शेजारणीचा आवाज येईल, असं कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

दुरुस्ती फार निघाली नाही. डाव्या बाजूच्या स्विचमध्ये गंज होता. आपल्याकडची खारी दमट हवा, दुसरं काय होणार! सफाईचा स्प्रे मारून स्विच पंचवीसदा फिरवला तेव्हा आवाज आला. पट्टीतला एक दिवा बदलला. मूळच्या स्पीकरच्या कागदी पडद्याभोवतीचा फोम मात्र पावासारखा चुरा झाला होता. त्या काळच्या स्पीकरचं हे नेहमीचं दुखणं आहे. नवी रिंग बसवता येते, पण आम्ही तो खर्च केला नाही. सगळा मिळून खर्च सहाशे पन्नास.

आता विकायचं की ठेवायचं? त्याआधी वस्तू कुणाची हा प्रश्न होता. मुलगा म्हणाला, “बाबांची होती, म्हणजे आता माझीच ना?” तसं नाही. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायदा १९५६ नुसार त्याच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर तीही, असे सगळे सारखे वाटेकरी असतात. जमीन आणि घरच नव्हे, घरातल्या त्याच्या वस्तूसुद्धा. दुसऱ्या धर्मांचे वारशाचे नियम वेगळे आहेत, पण बायकोला हक्क तिथेही आहे. मावशींना एक मुलगीही आहे, चिपळूणला दिलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मावशींनी तिला फोन लावला. ती म्हणाली, “आई, तू ठरव. ठेवलास तरी चालेल, विकलास तर पैसे तुझे.” मुलगा जरा गप्प झाला आणि मग त्यानंही तेच म्हटलं.

मावशींनी दोन दिवस घेतले. दोन्ही दिवस रेडिओ लावला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “विकूया. मला एवढा मोठा नको. मला पडवीवर कौलं हवीत. पण सातशेला नाही.”

मग विक्री. माझ्या भाच्यानं मोबाइलवर जाहिरात घातली. जाहिरातीत काय हवं ते सांगते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो, उजेडात काढलेले. मागच्या नाव-नंबरच्या पाटीचा फोटो. सेट चालू असतानाचा छोटा व्हिडिओ, ज्यात दोन्ही बाजूंचा आवाज ऐकू येतो. आणि दोष स्पष्ट लिहायचे. आम्ही लिहिलं, स्पीकरचा फोम गेलेला आहे, पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर टवका आहे, एक दिवा बदललेला आहे. दोष लपवले की घेणारा दारात येऊन भाव पाडतो. आधीच सांगितले की त्याला पाडायला जागा उरत नाही.

फोन बरेच आले, तऱ्हातऱ्हाचे. एकानं घासाघीस केलीच नाही, लगेच म्हणाला, घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, तुम्ही फक्त हा चौकोनी कोड स्कॅन करून पिन टाका. मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. कोड स्कॅन करून पिन टाकला असता तर मावशींच्याच खात्यातले पैसे गेले असते. भाच्यानं फोन ठेवला.

दुसऱ्यानं विचारलं, आत लाल पारा आहे का, असेल तर पाच लाख देतो. जुन्या रेडिओत, टीव्हीत लाल पारा असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात, ही अफवा बरीच वर्षं फिरते आहे. असं काही नसतं. ही माणसं आधी लाखांची भाषा करतात, मग तपासणीचे म्हणून पाच-दहा हजार आपल्याकडूनच मागतात. सातशे सांगणारा आणि पाच लाख सांगणारा, दोघांचाही भरवसा एकाच गोष्टीवर असतो. आपल्याला आपल्या वस्तूची माहिती नाही, याच्यावर.

शेवटी कोल्हापूरचे एक शिक्षक आले. जुने सेट जमवतात. त्या दिवशी मावशी एकट्या नव्हत्या, गटातल्या आम्ही चौघी बसलो होतो. त्यांनी तासभर सेट ऐकला. प्रत्येक बटण फिरवून पाहिलं, कागद पाहिले, पुस्तक हाताळलं. पंधरा हजार म्हणाले. मावशींनी बावीस सांगितले. चहा झाला, पोहे झाले. अठरा हजारांवर आले. फुटक्या फोमचे स्पीकर त्यातच. त्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले. नुसता मेसेज आला म्हणून आम्ही थांबलो नाही, भाच्यानं मावशींच्या खात्यात शिल्लक तपासली आणि मगच सेट उचलू दिला. दोन ओळींचा कागद केला. सेट चालू स्थितीत दाखवून, जसा आहे तसा दिला, रक्कम इतकी, तारीख, दोघांच्या सह्या. मावशींनी अंगठा नाही दिला, सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली सही.

उचलतानाची एक गोष्ट सांगते. असा सेट खूप जड असतो. पुढच्या बटणांना धरून उचलायचा नाही, तळाला हात घालून दोघांनी उचलायचा. शिक्षकांनी घोंगडीत गुंडाळून गाडीच्या सीटवर ठेवला आणि पट्टा लावला, माणसाला लावतात तसा. मावशींना ते फार आवडलं.

अठरा हजार ऐकून तुम्ही लगेच माळ्यावर चढाल, म्हणून हेही सांगून ठेवते. प्रत्येक जुना रेडिओ असा नसतो. प्लॅस्टिकचे साधे ट्रान्झिस्टर लाखोंनी बनले, त्यांना फार पैसे येत नाहीत. पाण्यात बुडालेला, वाळवी लागलेला, आतला ट्रान्सफॉर्मर काढून नेलेला सेट कमीच जाईल. भाव कंपनीवर, नंबरावर, चालू-बंदवर आणि घेणाऱ्याच्या हौसेवर ठरतो. तेव्हा कुणाचा ऐकीव आकडा धरून बसू नका. तीन-चार ठिकाणी विचारा. आणि सेट खरोखर मेलेलाच असेल तर तो घरी फोडू नका, तांब्यासाठी वायरी जाळू नका. तो धूर विषारी असतो आणि जवळ आपलीच पोरं खेळत असतात. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

मावशींनी पैशांचं काय केलं? पडवीची कौलं झाली. गटाचा एक थकलेला हप्ता भरला. आणि बाजारातून बाराशे रुपयांचा एक लहान रेडिओ आणला, सेलवरही चालतो आणि विजेवरही. तो आता चुलीजवळच्या फळीवर असतो. बटणं मावशीच फिरवतात. परवा मी गेले तर म्हणाल्या, “ह्याच्यात दोन बाजूंचा आवाज येत नाही गो.” मी म्हटलं, “मग चुकलं का विकून?” म्हणाल्या, “नाही. कौलं गळत होती. पण आवाज गोड होता हो त्याचा.” एवढं बोलून त्यांनी केंद्र लावलं.

मैत्रिणींनो, रेडिओ हे निमित्त. शिवणयंत्र असेल, तांब्यापितळेची भांडी असतील, सागवानी पेटारा असेल, भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ असेल. आपण त्यांची धूळ पुसत असतो. ती वस्तू काय आहे, कुणाची आहे, चालते कशी, हे आपल्याला माहीत असलं तर दारात येणारा माणूस आपल्याशी वेगळ्या भाषेत बोलतो. आणि विकायचं नाही असं ठरवलं, तर तोही आपलाच निर्णय असतो.

पुढच्या गटाच्या बैठकीत तीन गोष्टी करा. प्रत्येकीनं आपल्या घरातली एक जुनी वस्तू सांगा आणि तिचे कागद कुठे आहेत ते सांगा. ती विकायची झाली तर घरात कुणाकुणाला विचारावं लागेल, त्यांची नावं घ्या. मुलींची नावं विसरू नका. आणि घरातलं असं एक यंत्र शोधा, ज्याला तुम्ही आजवर हात लावलेला नाही. घरातल्या कुणाला तरी जवळ उभं करा आणि ते स्वतः चालू करून बघा. काय झालं ते आपल्या केंद्रावर फोन करून सांगा.

माझं बोलणं इथेच थांबवते. सुपातले तांदूळ एव्हाना निवडून झाले असतील. नमस्कार.